टोपडं घट्ट होतंय!

बाळ लवकर जन्माला आलं की सगळ्यांचे डोळे वजनकाट्याकडे लागतात. पण डॉक्टरांच्या खिशात एक साधी टेपही असते. ती काय सांगते, आणि काय सांगत नाही?

रात्रीचे पावणेबारा वाजलेले. दुसऱ्या दिवशीची स्टोरी अर्धवट लिहून लॅपटॉपवर पडलेली, शेजारी थंडगार झालेली कॉफी आणि मी काय करत होते? तर भाचीच्या डोक्याचा घेर मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये भरत होते!

हसू नका, तुम्हीही तेच केलं असतंत. ताईचा (म्हणजे माझ्या मावसबहिणीचा) व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला होता, 'पिल्लूचं डोकं साडेपस्तीस सेंटिमीटर भरतंय. बरोबर आहे ना गं? तू पेपरात लिहितेस, तुला माहीत असेल.' पेपरात लिहिणाऱ्यांना सगळं माहीत असतं, हा आमच्या नातेवाइकांचा लाडका गैरसमज. आणि तो दूर न करणं ही माझी लाडकी खोड. मी अ‍ॅप डाउनलोड केलं. मुलगी. जन्मतारीख. डोक्याचा घेर. ओके.

स्क्रीनवर छान रंगीत रेषा उमटल्या आणि आमच्या पिल्लूचा ठिपका सगळ्यात खालच्या लाल रेषेच्याही खाली जाऊन बसला.

मी स्क्रीनशॉट काढला, ताईला पाठवला आणि खाली लिहिलं, 'डॉक्टरांना एकदा विचार हं. टेन्शन घेऊ नकोस.'

'टेन्शन घेऊ नकोस' या वाक्याइतकं टेन्शन देणारं वाक्य मराठीत दुसरं नसेल. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. ताई दोन रात्री झोपलेली नाही. नेटवर काय काय वाचत बसते. आणि आता म्हणतेय, शनिवारी डॉक्टरांकडे जायचंच नाही! 'ते काय सांगतील ते मला ऐकायचं नाही,' असं म्हणून बाळाला कुशीत घेऊन बसलीये. मावशी म्हणाली, 'आग तूच लावलीयेस, आता विझवायलाही तूच ये.'

बरोबर होतं तिचं. शुक्रवारी हाफ डे टाकला आणि संभाजीनगरकडे जाणारी एसटी पकडली.

सातव्या महिन्यातलं बाळ

मावशीचं घर नेवाशाला. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या काठचं गाव. आम्ही अजूनही सवयीनं 'नगर जिल्हा' म्हणतो. हायवेवर नेवासा फाट्याला उतरायचं, उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून वाट काढत रिक्षा गाठायची की आलंच गाव. ज्ञानेश्वरी इथंच सांगितली गेली, १२९० मध्ये. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असं सांगतात तो खांब, म्हणजे 'पैस', आजही इथं आहे. लहानपणी सुट्टीत आलो की आम्ही त्या मंदिराच्या आवारात शिवणापाणी खेळायचो.

ताई एरवी हिंजवडीत असते. आयटीत टीम लीड, दोन मॉनिटर, कानात कायम हेडफोन. डोहाळेजेवणासाठी चार दिवस माहेरी आली होती. लॅपटॉप सोबत होताच! तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं, पाय सुजले, बीपी भलतंच वाढलं. रात्रीच गाडी काढून नगर गाठलं. बाळ ३१व्या आठवड्यात झालं. वजन एक किलो ३५० ग्रॅम. लांबी, वजन आणि डोक्याचा घेर, तीन आकडे फाइलवर लिहिले गेले. घेर होता २८ सेंटिमीटर.

आपल्या तळहाताएवढ्या बाळाला चार आठवडे 'काचेच्या पेटीत' ठेवलं होतं. घरी यायला निघाली तेव्हा ३५ आठवडे भरलेले, डोकं ३१ सेंटिमीटर. आता ती जन्मून तीन महिने झाले होते.

मी पोचले तेव्हा ताई ओसरीवर बसली होती. डोळे सुजलेले. मला बघून म्हणाली, 'शेजारच्या वहिनींचं बाळ तीन महिन्यांचं आहे. मान धरतं, खुदुखुदु हसतं, आवाज काढतं. आणि ही? ही नुसती बघते गं. अजून एकदाही हसली नाही. वर डोकं एवढंसं. तूच दाखवलंस ना मला?'

मी काय बोलणार? मी बॅग ठेवली आणि पिल्लूला मांडीवर घेतलं. ती खरंच नुसती बघत होती. पण बघत होती हं! दिव्याकडे, माझ्या कानातल्यांकडे, परत दिव्याकडे.

आजींचा ग्रोथ चार्ट

घरातलं सगळ्यात शांत माणूस म्हणजे मावशीच्या सासूबाई, आमच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे. त्या कोपऱ्यात बसून टोपडं शिवत होत्या. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाल्या, 'आगं पोरी, डोकं ल्हान, डोकं ल्हान म्हणून रडत्यात ह्या. हे बघ.' आणि त्यांनी पत्र्याच्या डब्यातून चार टोपडी काढून माझ्यापुढं ओळीनं मांडली.

पहिलं टोपडं एवढं इवलंसं, की माझ्या मुठीलाही बसेना. बाळ दवाखान्यातून आलं तेव्हाचं. दुसरं त्याहून मोठं, तिसरं त्याहून. चौथं परवापरवापर्यंत बसत होतं. 'आता हे बी बसंना तिला. नाडी पुरंना. म्हणून पाचवं शिवाया घेतलं. डोकं वाढंना तर मग टोपडं घट्ट कसं व्हतंय, सांग बरं?'

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या अ‍ॅपनं एक ठिपका दाखवला होता. आजींच्या डब्यात चार ठिपके होते आणि पाचवा सुईवर होता.

आजींचं सगळंच मात्र डोळे झाकून घ्यायचं नाही. त्यांचा आणखी एक सिद्धान्त आहे, 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत न्हाई.' हा तुम्हीही कुणाकडून तरी ऐकला असेल. तो साफ चूक आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. आठव्या महिन्यातल्या बाळाची फुफ्फुसं आणि मेंदू सातव्यातल्या बाळापेक्षा पुढं गेलेली असतात. पण टोपड्याच्या बाबतीत आजी डॉक्टरांच्या बरोबरीनं निघाल्या. ते कसं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

चल, फक्त ऐकून येऊ

रात्री जेवणं झाल्यावर ताईला घेऊन मी गच्चीवर गेले. मावशीही अर्धी तिच्याच बाजूची होती. बाळ पितंय, झोपतंय, वजन वाढतंय, मग एवढ्या उन्हात ६० किलोमीटर नेऊन परत आणायचं कशाला? घरोघरी हेच चालतं. दवाखान्यातून सुट्टी मिळाली की आपल्याला वाटतं, संपलं. खरं म्हणजे लवकर आलेल्या बाळाची परीक्षा तिथून पुढं सुरू होते.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, निवृत्त शिक्षक. ते गच्चीतल्या खाटेवर पडून आमचं ऐकत होते. अचानक म्हणाले, 'आपल्या नेवाशात ह. धी. सांकळियांनी उत्खनन केलं होतं, माहितीये का? १९५४ मध्ये सुरू झालं. तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. आणि घरांच्या जमिनीखाली काय सापडलं? लहान मुलांची दफनं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत बाळ. एकाच्या गळ्यात तर तांब्याच्या मण्यांची माळ होती.'

आम्ही दोघी गप्प. काका पुढं म्हणाले, 'आईबापांनी लेकराला गावाबाहेर नाही नेलं. घरातच ठेवलं, पायाखालच्या जमिनीत. कारण त्याहून जास्त काही करणं त्यांच्या हातात नव्हतं. तुझ्या हातात आहे. फाइल आहे, डॉक्टर आहेत, शनिवारची अपॉइंटमेंट आहे. आणि तू म्हणतेस, जायचं नाही?'

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'सकाळी किती वाजता निघायचं?'

चूक नेमकी कुठे झाली?

नगरच्या फॉलोअप ओपीडीत डॉक्टर मॅडमनी सगळ्यात आधी टेप काढली. कापडाची नाही, न ताणणारी. भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागं डोक्याचा सगळ्यात पुढं आलेला भाग असतो तिथून फिरवली. एकदा नाही, तीनदा. त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहिला, ३५.६. मग मी घाबरत घाबरत माझा स्क्रीनशॉट दाखवला.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला, 'यात वय काय घातलंत?'

'जन्मतारीख.'

'तिथंच चुकलं.'

मग त्यांनी जे समजावलं ते प्रत्येकानं ऐकायला हवं. बाळ ४० आठवडे पोटात राहायचं असतं. पिल्लू ३१व्या आठवड्यात आली, म्हणजे नऊ आठवडे लवकर. तेव्हा तिच्या वयातून हे नऊ आठवडे वजा करायचे. जन्मून तेरा आठवडे झाले, वजा नऊ, उरले चार. म्हणजे वाढीच्या हिशेबात आमची पिल्लू तीन महिन्यांची नाही, एक महिन्याची! याला डॉक्टर 'करेक्टेड एज' म्हणतात. आपण म्हणू, दुरुस्त केलेलं वय. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत सगळं याच वयानं मोजायचं. उंची, वजन, डोकं, हसणं, मान धरणं, बसणं, सगळं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन महिन्यांच्या मुलीच्या डोक्याचा मधला आकडा आहे ३९.५ सेंटिमीटर. त्याच्याशी तुलना केली तर ३५.६ भयंकरच दिसणार. पण एक महिन्याच्या मुलीचा मधला आकडा आहे ३६.५. आता सांगा, ३५.६ म्हणजे काय? मधल्या रेषेच्या थोडं खाली, पण पूर्णपणे रेषांच्या आत!

आणि हसण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे बघून मनापासून हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांना येतं. तेही दुरुस्त वयानं. म्हणजे पिल्लूची वेळ अजून आलेलीच नव्हती. ताई शेजारच्या बाळाशी तुलना करत होती, आणि ते बाळ खऱ्या हिशेबानं तिच्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठं होतं!

मॅडमनी फाइलमधले सगळे आकडे एका कागदावर ठिपक्यांनी मांडले. जन्मतः २८. पहिल्या आठवड्यात किंचित कमी (असं बहुतेकांचं होतं). मग आठवड्याला जवळपास एक सेंटिमीटरनं वाढत ३१. प्रसूतीची जी तारीख दिली होती त्या दिवशी ३४. आज ३५.६. ठिपके जोडले तर रेषा सरळ वर चाललेली. 'आम्ही ठिपका बघत नाही,' मॅडम म्हणाल्या, 'रेषा बघतो.'

मला आजींचा पत्र्याचा डबा आठवला.

डोकं मोजतात, कारण...

कारण कवटी स्वतःहून वाढत नाही, आतला मेंदू तिला वाढवतो. बाळाच्या कवटीची हाडं जोडलेली नसतात, मध्ये सांधे मोकळे असतात आणि वर टाळू. मेंदू जसा वाढतो तसे सांधे जागा करून देतात. म्हणून टेपवरचा आकडा म्हणजे मेंदूच्या वाढीची बाहेरून दिसणारी सावली.

आणि ही वाढ शेवटच्या तीन महिन्यांत कमालीची वेगानं होते. चोवीस-पंचवीस आठवड्यांच्या बाळाचा मेंदू बराचसा गुळगुळीत असतो. चाळीसाव्या आठवड्यापर्यंत त्यावर अक्रोडासारख्या वळ्या पडतात. ३४व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या जेमतेम ६५ टक्के असतं. म्हणजे जे काम पोटातल्या अंधारात, शांततेत, उबेत व्हायचं, ते आमच्या पिल्लूच्या बाबतीत मॉनिटरच्या बीप-बीपमध्ये, ट्यूबलाइटखाली झालं. डॉक्टर टेप घेऊन दर आठवड्याला हजर का होतात, कळलं?

मग जन्माच्या वेळचा आकडा म्हणजे नशिबाचा आकडा का? नाही. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या डॉ. मॉरीन हॅक यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या २४९ मुलांचा आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत पाठपुरावा केला. १९९१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शाळेतल्या अडचणींशी ठळक नातं निघालं ते आठ महिन्यांच्या वयाला डोकं लहान राहिलं होतं का, याच्याशी. थोडक्यात, सुरुवात कुठून झाली यापेक्षा पहिल्या महिन्यांत डोकं किती वाढलं हे जास्त बोलकं.

आणखी एक गंमत. पोटात बाळाला रक्तपुरवठा कमी पडला तर शरीर आधी मेंदूला जपतं. वजन कमी भरतं, पण डोकं त्या मानानं नीट राहतं. डोकंही मागं राहिलेलं असेल तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. म्हणून तीनही आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचायचे असतात. एकटा आकडा काहीच सांगत नाही, फक्त घाबरवतो.

पुणे, नागपूर आणि शेजारचं क्युबिकल

'हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडचं काय?' असं विचाराल तर उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला. एक वर्ष नाही, दोन नाही, तब्बल अठरा वर्षं! बाळं शाळेत गेली, दहावीला बसली, कॉलेजात गेली, तरी हे डॉक्टर त्यांच्या मागे. अशी चिकाटी जगातही फार कमी ठिकाणी दिसते.

काय निघालं त्यातून? बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९० च्या आसपास होता, तर नेहमीच्या वजनाच्या मुलांचा ९७. म्हणजे फरक आहे, पण आभाळ कोसळेल एवढा नाही. कुणाला गणित जड गेलं, कुणाला वाचन, कुणाला हाताची सफाई. सगळ्यात मागं राहिली ती लवकरही आलेली आणि पोटातही कमी वाढलेली मुलं. या अभ्यासातली मुलं आज पस्तिशी ओलांडलेली आहेत. त्यातलं कुणी तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसून एक्सेल शीट भरत असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल!

दुसरं उत्तर नागपूरचं. 'आपल्याकडची बाळं लहानखुरीच असतात' हे वाक्य आपण सरसकट फेकतो. 'इंटरग्रोथ-२१' नावाच्या प्रकल्पात आठ देशांतल्या आठ शहरांत बाळं मोजली गेली. ऑक्सफर्ड, सिअ‍ॅटल, ट्युरिन, बीजिंग, नैरोबी, मस्कत, ब्राझीलमधलं पेलोटास आणि भारतातून आपलं नागपूर. निरोगी, नीट खाणाऱ्यापिणाऱ्या आयांची बाळं. २०१४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा या शहरांतल्या बाळांच्या डोक्यात आणि लांबीत फरक अगदी थोडा निघाला. म्हणजे आईला पोषण आणि उपचार मिळाले तर नागपूरचं बाळ ऑक्सफर्डच्या बाळाच्या बरोबरीनं वाढतं. लवकर आलेल्या बाळांचं डोकं मोजायला आज जे तक्ते वापरले जातात, त्यातले काही या प्रकल्पातून आलेत.

आमच्या घराण्याचीच डोकी...

ओपीडीतून निघता निघता मॅडमनी ताईला जवळ बोलावलं आणि तीच टेप तिच्या डोक्याभोवती फिरवली. ५२ सेंटिमीटर. मग भावजींना फोन लावून घरी टेप लावायला सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी पुण्यात शेजाऱ्यांकडून शिवणकामाची टेप मागून आणली. ५४! मॅडम हसायला लागल्या. 'आईबाबांची डोकीच लहान आहेत, तर लेकीचं मोठं कुठून येणार?' आईबापांची डोकी मोजणं हा तपासणीचाच भाग असतो, हे मला तेव्हा कळलं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा ताई मोठ्यानं हसली.

पण मॅडमनी गोडगोड बोलून सोडलं नाही. पिल्लूचे पाय वाकवून बघितले, मुठी उघडून बघितल्या, टाळूवर बोट फिरवलं, लाल चेंडू डोळ्यांपुढून फिरवला. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली होती का, ऐकू येण्याची झाली होती का, हे फाइलमध्ये तपासलं. 'आज सगळं ठीक आहे,' त्या म्हणाल्या, 'पण मला ही मुलगी दर वेळी हवी. डोकं वाढतंय म्हणजे सगळं झालं असं नाही. ती काय करायला शिकते तेही बघायचंय.'

आणि डोकं वाढावं म्हणून काय करायचं? औषध नाही, टॉनिक नाही. आईचं दूध, आणि डॉक्टर सांगतील तर त्यात भर. उघड्या छातीवर बाळाला घेऊन बसणं, ज्याला 'कांगारू केअर' म्हणतात. हे १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाच्या हॉस्पिटलात सुरू झालं, कारण तिथं पेट्याच कमी पडत होत्या. आज जागतिक आरोग्य संघटना ते सगळीकडे करा म्हणते. बाबांनीही करायचं बरं का! आणि बोलायचं, गाणं म्हणायचं, चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन गप्पा मारायच्या.

परतीच्या वाटेवर ताई म्हणाली, 'माझी २६ आठवड्यांची रजा आहे. त्यातले तेरा गेले, त्यातले चार तर काचेच्या बाहेर उभं राहून. ऑफिसला वाटतंय, बाळ तीन महिन्यांचं झालं. मी जॉइन होईन तेव्हा ती खरी चार महिन्यांची असेल.' मी गप्प बसले. रजेचा हिशेब करताना करेक्टेड एज कुणी धरत नाही. तुमच्या टीममधल्या एखाद्या मैत्रिणीचं बाळ लवकर आलं असेल तर एवढं तरी लक्षात ठेवा. 'तुझं बाळ अजून बसत नाही?' असं पॅन्ट्रीत कॉफी घेताना विचारू नका. सुट्टी संपतानाचे तिचे शनिवार तेवढे तिला सोडा.

फ्रिजवर लावून ठेवा

* लवकर आलेल्या बाळाचं वय मोजताना जेवढे आठवडे लवकर आलं तेवढे वजा करा. दोन वर्षांपर्यंत.
* घरी रोज टेप लावू नका. टेप अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे सरकली की रात्रभर झोप उडते. मोजू दे डॉक्टरांना, तुम्ही आकडे आणि तारखा जपून ठेवा.
* डोकं कित्येक आठवडे वाढतच नसेल, किंवा अचानक फार भरभर वाढत असेल, टाळू फुगून ताठ झाली असेल, बाळ सारखं उलट्या करत असेल, मलूल पडत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. लगेच जा.
* पेटीत कुशीवर झोपून झोपून डोकं लांबट, चपटं दिसू शकतं. ते गोल करायला दाबायचं नाही, टाळूवर जोर द्यायचा नाही. मालीशवाल्या बाईंनाही सांगा. तेल नुसतं हलक्या हातानं.
* आशाताई घरी येतात त्यांना फाइल दाखवा. २०१८ पासून त्यांच्या भेटी तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी ठरलेल्या आहेत. घरात येऊन नवजात बाळाला बघायची ही पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत उभी केली, आणि तिथून ती देशभर गेली.
* आणि हो, मावशी, आत्या, काकू आणि मोबाइल बाळगणाऱ्या तमाम पत्रकार बहिणींनो, स्क्रीनशॉट पाठवण्याआधी एकदा विचारा, बाळ किती आठवड्यांचं झालं होतं?

रविवारी संध्याकाळी मी निघाले तेव्हा ताई पिल्लूला छातीशी बांधून ओसरीवर फेऱ्या मारत होती. तिला दिवसभरात शिकलेलं सगळं सांगत होती, अगदी स्प्रिंट मीटिंगच्या आवाजात. पिल्लू नुसती बघत होती.

बरोबर चोविसाव्या दिवशी मी एका प्रेस कॉन्फरन्समध्ये बसले होते. मोबाइल थरथरला. ताईचा फोटो. पिल्लूच्या डोक्यावर आजींचं पाचवं टोपडं, आणि त्याखाली बोळकं पसरून, डोळे बारीक करून, अगदी मनापासून... हो, हसतच होती ती! खाली ताईनं लिहिलं होतं, 'आजी सहाव्याचं माप घेतायत.'

ते अ‍ॅप मी कधीच डिलीट केलंय. सहावं टोपडं कुठल्या रंगाचं हवं, एवढं मात्र आजींनी मला विचारलंय.